खोकल्यातून रक्त आले, तर हृदयाची फाइलही दाखवा

खोकल्यातून रक्त पडले की आपल्या वस्तीत पहिला शब्द निघतो तो टीबीचा. त्यात चूक काही नाही. दहा बाय बाराच्या खोल्या, एकमेकांना चिकटलेल्या भिंती, आत ऊन नाही की वारा नाही. टीबीने आपली किती माणसे नेली, हे जुन्या माणसांना वेगळे सांगायला नको. म्हणून रक्त दिसले की थुंकी तपासायलाच हवी आणि त्यात एक दिवसही घालवू नये.

पण आज या पानावर त्याच्या पुढची एक गोष्ट सांगायची आहे. ज्या माणसाच्या हृदयात गेल्या वर्षभरात नळी घालून ठोक्यांचा उपचार झाला आहे, त्याच्या खोकल्यातले रक्त टीबीचे नसूही शकते. फुप्फुसाकडून हृदयाकडे येणारी शीर आकसल्यामुळेही ते पडते. वस्तीतल्या डॉक्टरला हे आपोआप सुचेल अशी अपेक्षा करता येत नाही, कारण असा उपचार झाला होता हे बहुतेक वेळा त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. घरच्यांनाही उपचाराचे नाव ठाऊक नसते. ‘मांडीतून नळी घातली होती’ किंवा ‘अँजिओग्राफी झाली’ एवढेच सांगितले जाते.

माझे म्हणणे सरळ आहे. हा उपचार करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने रुग्णाला घरी सोडताना मराठीत छापलेला एक कागद दिला पाहिजे. काय केले, कधी केले, पुढे कोणती लक्षणे दिसली तर कोणाकडे यायचे, हे त्यावर लिहिलेले असावे. हे उपकार नव्हेत, उपचाराचाच भाग आहे. आणि तो कागद मिळेपर्यंत आपण तो मागत राहिले पाहिजे.

हा उपचार कशासाठी असतो?

आपले हृदय विजेच्या बारीक लहरींवर चालते. ही वीज ठरलेल्या वाटेने गेली की ठोके तालात पडतात. काही माणसांत हृदयाच्या वरच्या कप्प्यांत ही वीज सैरभैर होते. कप्पा नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसता थरथरत राहतो. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, डॉक्टरांच्या बोलीत ‘एएफ’. छातीत धडधड होते, दम लागतो, थकवा येतो. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली तर माणसाला अर्धांगवायू होतो. म्हणूनच अशा रुग्णांपैकी अनेकांना रक्त पातळ करणारी गोळी देतात.

हा आजार फक्त श्रीमंतांचा आहे असे समजू नये. वय, वाढलेले ब्लडप्रेशर, मधुमेह आणि दारू ही त्याची कारणे आपल्या घरांतही आहेत. शिवाय दाटीवाटीने राहणाऱ्या वस्त्यांशी जोडलेले एक जुने कारण आहे. लहानपणी घसा वारंवार दुखतो, त्याचा नीट इलाज होत नाही, पुढे सांधे सुजून ताप येतो आणि त्यात हृदयाची झडप खराब होते. झडप अरुंद झाली की ऐन तरुणपणीही एएफ सुरू होऊ शकतो. अशा रुग्णांत मुख्य इलाज आधी झडपेचा असतो.

इतर रुग्णांत गोळ्यांनी ताल सुधारला नाही, तर डॉक्टर अ‍ॅब्लेशन सुचवतात. जांघेतल्या शिरेतून बारीक नळ्या हृदयापर्यंत नेतात. उजव्या वरच्या कप्प्यातून मधला पडदा टोचून डाव्या कप्प्यात जातात. तिथे फुप्फुसांकडून शुद्ध रक्त घेऊन येणाऱ्या शिरा उघडतात. बहुतेकांना अशा ४ शिरा असतात. या शिरांच्या तोंडाभोवतीचा भाग उष्णतेने भाजून किंवा अतिथंड करून निकामी करतात, म्हणजे तिथून निघणारी चुकीची वीज हृदयात शिरत नाही.

शिरांच्या तोंडाशीच का, याचे उत्तर १९९८ साली मिळाले. फ्रान्समधील बोर्दो शहरातील मिशेल हाइसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एएफला चेतवणाऱ्या जागांपैकी ९४ टक्के जागा या शिरांच्या आत सापडल्या. हा मोठा शोध होता आणि जगभर याच वाटेने उपचार सुरू झाले. मात्र त्याच वर्षी दुसरी बातमीही आली. अशा उपचारानंतर काही रुग्णांच्या याच शिरा आकसत होत्या.

शीर आकसते म्हणजे काय होते?

स्टोव्हवर भाजलेला हात बरा झाला तरी कातडी आवळून येते, हे आपण पाहिलेले असते. शिरेच्या आतल्या बाजूला भाजले तर तिथेही तसाच वण धरतो आणि शिरेचे तोंड अरुंद होते. गल्लीतले गटार पुढे तुंबले की पाणी मागच्या घरांत चढते. तसेच शीर पुढे अरुंद झाली की रक्त मागे फुप्फुसाच्या त्या भागात साचते. तो भाग सुजतो आणि बारीक रक्तवाहिन्या फुटतात. मग दम लागतो, कोरडा खोकला सुटत नाही, छातीत एका बाजूला दुखते, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया झाल्यासारखे वाटते आणि खोकल्यातून रक्त पडते.

यातली सर्वात फसवी गोष्ट म्हणजे वेळ. हे सगळे रुग्णालयात असताना होत नाही. वण आवळायला काही आठवडे किंवा काही महिने लागतात. तोपर्यंत माणूस कामाला लागलेला असतो. जांघेतली टोचणी विसरलेली असते, फाइल पत्र्याच्या पेटीत तळाला गेलेली असते. आजच्या खोकल्याचा आणि चार महिन्यांपूर्वीच्या हृदयाच्या उपचाराचा काही संबंध असेल, हे घरात कोणाच्या मनातही येत नाही.

अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील डॉक्टरांनी २००३ साली ३३५ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी १८ जणांच्या, म्हणजे सुमारे ५ टक्के रुग्णांच्या शिरा गंभीर प्रमाणात आकसलेल्या आढळल्या. उपचारानंतर सरासरी ५ महिन्यांनी हे लक्षात आले होते. त्यांतल्या ८ जणांना काहीच त्रास जाणवत नव्हता. ज्यांना त्रास होता, त्यांच्यापैकी काहींना आधी न्यूमोनिया, काहींना फुप्फुसातली गुठळी आणि एकाला चक्क फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे निदान दिले गेले होते. शीर आकसली असेल अशी शंका सुरुवातीला एकाच्याही बाबतीत कोणाला आली नव्हती.

एवढ्या मोठ्या शहरात, सगळी यंत्रे हाताशी असताना हे झाले. मग आपल्या गल्लीतल्या दवाखान्यात, जिथे डॉक्टरांच्या हाती फार तर छातीचा एक्स-रे असतो, तिथे काय होईल?

हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे की तेव्हापासून पद्धत खूप सुधारली आहे. आता शिरेच्या आत भाजत नाहीत, तिच्या तोंडापासून बाहेर, रुंद घेर ठेवून भाजतात. हृदयाचा त्रिमिती नकाशा समोर असतो. अलीकडे उष्णता न वापरता विजेच्या अतिसूक्ष्म झटक्यांनी हे काम करणारी नवी पद्धतही आली आहे. तिच्यात शीर आकसण्याचा धोका फारच कमी दिसतो. अनुभवी ठिकाणी गंभीर आकसण्याचे प्रमाण आज शंभरात एकाहूनही कमी आहे. तेव्हा डॉक्टरांनी सुचवलेला उपचार या लेखामुळे कोणी टाळू नये. धोका कमी आहे, पण ओळखला गेला नाही तर त्याची किंमत मोठी आहे.

आपल्याकडे चूक जास्त महाग का पडते?

समजा, आपल्या वस्तीतल्या एका काकांचे चार महिन्यांपूर्वी अ‍ॅब्लेशन झाले आहे. आता खोकला आहे, दम लागतो, एक-दोनदा थुंकीत रक्त दिसले. एक्स-रेमध्ये एक पांढरा डाग आहे. डॉक्टर न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक देतात. फरक पडत नाही. पुन्हा दुसरे अँटिबायोटिक. थुंकीत टीबीचे जंतू सापडत नाहीत, पण डाग आणि रक्त पाहून टीबीची औषधे सुरू होतात. काकू म्हणतात, रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळेच रक्त पडत असेल, ती आधी बंद करा. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर वागतो आहे. तरीही काकांची शीर रोज थोडी थोडी बंद होत आहे.

यात तीन नुकसाने आहेत आणि तीनही टाळता येण्यासारखी आहेत.

पहिले, वेळ जातो. शीर अर्धवट अरुंद असताना कळले तर फुगा घालून किंवा स्टेंट बसवून ती उघडता येते. पुढे ती पुन्हा आकसू शकते, म्हणून तपासणी चालू ठेवावी लागते, पण माणसाला आराम पडतो. शीर पूर्ण बंद झाल्यावर ती उघडणे फार अवघड होते.

दुसरे, औषधांची टक्कर. टीबीच्या औषधांत जी गोळी घेतल्यावर लघवी लाल-केशरी होते, ती रिफाम्पिसिन. ती रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा असर कमी करते. हे वॉरफेरिनच्या बाबतीत तर होतेच, नव्या गोळ्यांच्या बाबतीतही होते. ज्याला टीबी खरोखर झाला आहे, त्याने रिफाम्पिसिन घ्यायलाच हवी. अशा वेळी हृदयाचे डॉक्टर रक्त पातळ करणाऱ्या औषधाची मात्रा किंवा औषध बदलून देतात. पण टीबी नसताना ती सुरू झाली आणि हृदयाच्या डॉक्टरांना पत्ताच नसला, तर गुठळीपासूनचे संरक्षण जाते आणि अर्धांगवायूचा धोका वाढतो. घरच्यांनी स्वतःच्या मनाने गोळी बंद केली तरी तेच होते. अ‍ॅब्लेशननंतर निदान पहिले दोन-तीन महिने ही गोळी चुकवायची नसते आणि अनेकांना ती पुढेही लागते.

तिसरे, पैसा आणि रोजगार. चुकीच्या निदानाने सहा महिन्यांची औषधे, बुडालेले खाडे, वर टीबी म्हणून शेजाऱ्यांची वाकडी नजर. हे सगळे एका वाक्याने वाचू शकते : ‘डॉक्टर, चार महिन्यांपूर्वी यांच्या हृदयात अ‍ॅब्लेशन झाले आहे.’

हे वाक्य ऐकल्यावर डॉक्टर रुग्णाला पुन्हा हृदयाच्या विभागात पाठवू शकतात. फुप्फुसाच्या शिरा दिसतील अशा पद्धतीने काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये आकसलेली शीर कळते. साधा एक्स-रे किंवा छातीवरून केलेली साधी इको त्यासाठी पुरेशी नसते. थुंकीची तपासणी करायचीच, तिच्यासोबत ही शंकाही डॉक्टरांसमोर ठेवायची.

जांघेतली शीरही विसरू नका

अ‍ॅब्लेशन अनेक प्रकारचे असते. काही माणसांना जन्मतःच हृदयात विजेची एक जादा वाट असते. ठोके एकाएकी दीडशे-दोनशेवर जातात आणि एकाएकी थांबतात. डॉक्टर याला ‘शॉर्ट सर्किट’ म्हणून समजावतात. ते जाळण्यासाठी फुप्फुसाच्या शिरांजवळ जावे लागत नाही, म्हणून अशा रुग्णांना वर सांगितलेला धोका नसतो. उपचार झालेल्या प्रत्येकाने घाबरून जाऊ नये. ‘माझे अ‍ॅब्लेशन फुप्फुसाच्या शिरांभोवती केले का?’ हा एक प्रश्न डॉक्टरांना विचारून ठेवावा.

जांघेतली शीर मात्र बहुतेक सगळ्यांचीच टोचलेली असते आणि या उपचारातला सर्वाधिक आढळणारा त्रास तिथलाच आहे. थोडे निळे-काळे पडणे, सुपारीएवढी गाठ येणे हे बऱ्याचदा आपोआप जाते. पण गाठ वाढत असेल, ती नाडीसारखी उडत असेल, पाय सुजून दुखत असेल किंवा जखमेतून रक्त थांबत नसेल, तर घरी शेकत बसू नये. शिरेशेजारची शुद्ध रक्ताची नाडी टोचली गेली, तर फुगा धरतो किंवा शीर आणि नाडी एकमेकींना जोडली जातात. सोनोग्राफीत ते कळते. कंबरेत किंवा पोटात जोरात दुखून घाम आणि चक्कर आली, तर आत रक्तस्राव होत असू शकतो. त्या वेळी थेट मोठे रुग्णालय गाठावे. रक्त थांबवण्यासाठी आधी जखमेवर हाताने घट्ट दाब द्यावा, हळद किंवा चहापूड लावू नये. रुग्णालयात जितके तास पाय सरळ ठेवून झोपायला सांगतात तितके झोपावे. डबा घ्यायला किंवा लघवीला म्हणून मध्येच उठू नये.

आणखी एक धोका फार दुर्मीळ आहे, पण जिवावरचा आहे. एएफच्या अ‍ॅब्लेशननंतर पहिल्या दोन महिन्यांत ताप आला, गिळताना दुखू लागले किंवा एकाएकी हात-पाय लुळे पडले, तर हृदयामागच्या अन्ननलिकेला इजा झालेली असू शकते. अशा वेळी तोंडातून दुर्बीण घालण्याची तपासणीही घातक ठरू शकते. म्हणून तिथेही पहिले वाक्य तेच : ‘हृदयात अ‍ॅब्लेशन झाले आहे.’

‘सांगितले तर पेशंट घाबरतात’

हे उत्तर आपण अनेकदा ऐकतो. मला ते पटत नाही. आपली माणसे गटारात उतरतात, उंच परातींवर चढतात, रात्रपाळीला जातात. त्यांना धोका म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. माणूस घाबरतो तो न सांगितलेल्या गोष्टीला. खोकल्यातून रक्त आले आणि ते का आले हे कोणीच सांगत नाही, तेव्हा तो खरा घाबरतो.

दुसरे उत्तर असते वेळ नसल्याचे. हे मात्र खरे आहे. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत डॉक्टरांसमोर दिवसाला किती माणसे असतात ते आपण रांगेत उभे राहून पाहतो. त्या निवासी डॉक्टरवर राग काढण्यात अर्थ नाही. पण म्हणूनच तर छापील कागद हवा. तो एकदा नीट लिहिला की हजार वेळा देता येतो. डॉक्टरांचा वेळ वाचतो आणि रुग्णाच्या हातात ज्ञान राहते.

हक्काचा मुद्दाही आहे. उपचाराचे स्वरूप, दुसरे पर्याय आणि मोठे धोके रुग्णाला समजतील असे सांगूनच संमती घेतली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात सांगितले आहे. दूरच्या प्रत्येक शक्यतेची यादी वाचावी, असे न्यायालयाचे म्हणणे नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत माहितीचा, संमतीचा आणि स्वतःच्या कागदपत्रांचा हक्क नोंदलेला आहे. उपचाराची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत दिली पाहिजेत, असे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांत आहे. इंग्रजी फॉर्मवर ‘इथे सही करा’ म्हणून बोट दाखवणे ही संमती नव्हे. सही करणाऱ्याला काय कळले, यावर ती संमती ठरते.

शीर आकसण्याचा धोका कमी असल्याने सहीच्या वेळी तो एका वाक्यात सांगितला तरी चालेल. घरी जाताना मात्र तो कागदावर हवाच, कारण तो ओळखण्याची वेळ रुग्णालयात नव्हे, आपल्या घरात येते.

त्या कागदावर काय असावे आणि आपण काय करावे?

कागद एका पानाचा पुरे. उपचाराचे पूर्ण नाव आणि तारीख. फुप्फुसाच्या शिरांभोवती उपचार झाला की नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचे नाव आणि ती कोणाला विचारल्याशिवाय बंद करू नये हे. पहिल्या आठवड्यात, पहिल्या दोन महिन्यांत आणि वर्षभरात लक्ष ठेवायची लक्षणे. आणि अडचण आल्यास कोणत्या विभागात, कोणत्या वारी यायचे. हे अक्षर मोठे आणि मराठी साधी असावी.

असा कागद मिळत नसेल, तर डिस्चार्जच्या दिवशी आपणच वही पुढे करावी आणि नर्सबाईंना, डॉक्टरांना किंवा समाजसेवा विभागातल्या ताईंना एवढ्या गोष्टी लिहून द्यायला सांगावे. सरकारी योजनेतून उपचार झाला असेल, तर आरोग्यमित्रालाही सांगता येते. लिहून घेतल्याशिवाय निघू नये.

घरी आल्यावर डिस्चार्ज कार्डाचा फोटो काढून निदान दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवावा. फाइल पेटीच्या तळाला नको, रेशनकार्डाजवळ असावी. घरात कॉलेजला जाणारी मुलगी किंवा मुलगा असेल, तर त्याने ती एकदा मोठ्याने वाचून दाखवावी. घरात वाचणारे कोणी नसेल, तर विहारातल्या अभ्यासिकेत दहावी-बारावीची मुले असतात, त्यांच्याकडून वाचून घ्यावी. त्यानंतर वर्षभर कुठल्याही डॉक्टरकडे कशासाठीही गेलो, ताप असो, दात काढायचा असो, खोकला असो, तर पहिले वाक्य अ‍ॅब्लेशनचे. आशाताईंनाही ते सांगून ठेवावे. टीबीसाठी थुंकी न्यायला किंवा औषधे द्यायला त्या येतात, तेव्हा त्यांना हे आठवले तरी एक माणूस वाचू शकतो.

मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना आपल्या हृदयाचा नकाशा कळतो. वस्तीतल्या डॉक्टरांना आपले घर कळते. या दोघांची सहसा भेट होत नाही. त्यांच्यात निरोप पोहोचवणारा एकच दुवा आहे, तो म्हणजे आपल्या हातातला कागद. तो मराठीत असावा, नीट लिहिलेला असावा आणि वेळेला सापडावा, एवढीच मागणी आहे. पुढच्या वेळी आपल्यापैकी कोणी अशा उपचारासाठी भरती झाले, तर ती त्या रुग्णालयात मांडा.